एका आद्याक्षरातली दोन भावंडं

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (मायन्यात 'तीर्थरूप' आणि पुढे सगळीकडे 'तू' हे जुळत नाही, मला कळतं. पण तुला 'तुम्ही' म्हणायला लागले तर तू आधी मला ताप आहे का विचारशील.) गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? उत्तरं मला ठाऊक आहेत, कारण आपलं बोलणं बंद झाल्यापासून आई तुझी खुशाली मला सांगते आणि माझी तुला, शिवाय दोन्हीकडे थोडं पदरचं घालते. तरी पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारलं. मी मजेत आहे, म्हणजे या आठवड्यापर्यंत होते.

झालं असं, की माझा नवा शोधनिबंध लिहून झाला. विषय तोच, मुंग्या वारूळ सोडून का जातात. (कपाळाला हात लावू नकोस, पुढे वाच.) ज्या नियतकालिकाला तो पाठवायचाय, त्यांची संदर्भसूचीची तऱ्हा जगावेगळी. आडनाव ठळक, मग नुसतं आद्याक्षर, सालाला कंस नाही, पानांचे आकडे मात्र तिरपे. हा नियम करणाऱ्याच्या घरी चपलासुद्धा पट्टीने मापून लावत असतील. आता हे हाताने करावं लागत नाही, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर असतं. त्याला त्या नियतकालिकाच्या शैलीची एवढीशी फाईल दिली की सगळी यादी आपोआप तशी होते. फक्त यांची फाईल कुठे मिळेना. मग मी त्यातल्या त्यात जवळची एक उतरवून घेतली आणि पदर खोचून तीच दुरुस्त करायला बसले. एक ओळ बदलली, तर सगळी यादी ठळक झाली. ते निस्तरलं, तर सालं गायब. सालं परत आणली, तर प्रत्येक संदर्भापुढे 'लेखक अज्ञात'! तुझे भाऊजी चहा घेऊन आले होते, त्यांनी माझा चेहरा बघितला, कप ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेले.

शेवटी आमच्या विभागाच्या ग्रंथपालबाई धावून आल्या. (चष्मा डोक्यावर असतो आणि त्या तो टेबलावर शोधतात, पण सॉफ्टवेअरमध्ये त्यांना सगळं सापडतं.) त्यांनी दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि यादी अशी सरळ झाली की मी टाळ्याच वाजवल्या. मग निबंध वाचायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात अडले, कारण तिथे माझा मागचा निबंध आणि त्यावरचा तुझा, असे दोन्ही संदर्भ आहेत. आडनाव आपलं एकच. (लग्नानंतर मी ते बदललं नाही, तेव्हा सगळ्यांत खूश तूच झाला होतास.) आद्याक्षरही एकच, कारण आईबाबांना तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. आणि सालही एकच, कारण माझा तो मागचा निबंध खोडून काढायची तुला इतकी घाई, की त्याच वर्षाच्या शेवटच्या अंकात तू हजर! मग सॉफ्टवेअरने शीर्षकांचा क्रम लावला आणि तुझ्या सालापुढे 'ए' लावला, माझ्या सालापुढे 'बी'. शाळेतही तू अ तुकडीत आणि मी ब तुकडीत, आता हे यंत्रही तुझ्याच बाजूचं. परिच्छेदाचा अर्थ असा होतो, की कुणी एक विदुषी मुंग्या उन्हामुळे वारूळ सोडतात असं सांगते आणि मग स्वतःच स्वतःचे वाभाडे काढून म्हणते, छे, उन्हाने नाही, ओलीमुळे. ग्रंथपालबाईंनी फार हळुवारपणे विचारलं, मॅडम, तुमचं मत बदललं का हो मधे?

बदललं नाही, भावाने बदलायला सांगितलं, असं मी म्हणाले. आद्याक्षर सारखं असेल तर पूर्ण नाव छापायची एक सोय त्यात असते, ती त्यांनी लावून दिली. तुझं पूर्ण नाव आलं, माझंही आलं. संपादकांना विचारलं, तर उलट टपाली उत्तर, पूर्ण नाव आमच्या शैलीत बसत नाही, वाचकाला निष्कर्षाशी मतलब, माणसांशी नाही. तुझे भाऊजी म्हणाले, राहू दे की, दिवसभर स्वतःशीच तर भांडत असतेस.

तेव्हा हसले, पण नंतर ते पान पुन्हा वाचलं. वाचकाला दिसणारच नाही की इथे दोन माणसं आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. तू लिहिलं होतंस, 'हा निष्कर्ष बालिश आहे.' बालिश तर तू मला मी दोन वेण्या घालायचे तेव्हापासून म्हणतोस! पण घरात म्हणायचास आणि वर तुझं अर्धं बिस्किट द्यायचास. छापून आलं तेव्हा नुसतंच बालिश आलं. मला राग तुझ्या ओलीचा नाही रे. छापायच्या आधी एक शब्द मला सांगितला नाहीस, त्याचा आहे. आणि तुझी फार आठवण येते, हेही एकदाचं सांगून टाकते. मुंग्यांचं म्हणशील, तर त्या आपले दोन्ही निबंध न वाचताच चालत्या झाल्यात.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला जप, उतारावर वारुळं बघत एकटा हिंडू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. सॉफ्टवेअर आता विचारतंय, ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत का, एकत्र करू का? मी 'नाही' दाबलं. एवढाही गोडवा नको.

आणखी एक ता. क. नवीन निबंधात सपाटीवरची वारुळं उन्हाने रिकामी होतात, पण उतारावरची ओलीने. म्हणजे तू निम्मा बरोबर आहेस. निम्माच. आईला सांगू नकोस, ती पूर्ण करून सगळीकडे सांगेल.

शेवटचा ता. क. खरं काम हे, की निबंध अजून पाठवलेला नाही, सोबत ठेवलाय. नीट वाच, चुका काढ, हवं तर बालिश म्हण. पण या वेळी छापून नको, फोन करून म्हण.