तीन वाजताची हाक

स्किलेट टिकल, न्यूफाउंडलंड
२६ फेब्रुवारी १९७८

प्रिय थेल्मा,

लिअँडर, तुझा बाबा, जिवंत आहे, हे आधी सांगते. पाकिटावर माझं अक्षर बघूनच तू घाबरली असशील. उजव्या पायाची दोन बोटं गेली, आणि तपासताना हृदयाचं दुखणं निघालं. पण तो शुद्धीवर आहे, चहा पातळ दिला म्हणून नर्सशी भांडतोय. नऊ वर्षांत तू एकाही पत्रात त्याचं नाव काढलं नाहीस, म्हणून मीही कधी लिहिलं नाही. आज मात्र लिहू दे.

मागच्या मंगळवारी लिअँडर सकाळीच एकटा होडी घेऊन पक्षी मारायला गेला. सदुसष्टाव्या वर्षी! मी म्हटलं, "अरे, जरा आभाळ बघ." तर म्हणतो, "आभाळ तू बघ, मी रात्रीच्या रश्श्याचं बघतो." कुठे जातोस, हे विचारायचं राहूनच गेलं. आदल्या दिवशी पाऊस पडता पडताच गोठला होता आणि प्रत्येक तारेवर मनगटाएवढा बर्फ चढला होता. टेलिफोनचे खांब आडवे झाले होते. माझ्या अंगणातला रेडिओचा उंच खांबही एरियलसकट कोसळला होता. तुला ठाऊक आहे, एवढी वर्षं आपल्या होड्यांशी रेडिओवर बोलते ती मीच. त्या दिवशी मला बोलता येत नव्हतं. फक्त ऐकता येत होतं, कारण ऐकायला लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तारही पुरते.

समुद्रावर एक शिस्त आहे. तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, म्हणजे संकटातल्या माणसाची बारीक हाक कुणाच्या तरी कानावर पडते. अडीचच्या त्या शांततेत मला लिअँडर ऐकू आला. इंजिन बंद, चहूकडे बर्फ, त्याचं एरियल मोडलेलं. कुठलीशी तार काठीला बांधून तो बोलत होता. त्याच्या रेडिओ-लहरीची लांबी आपल्या चर्चपासून धक्क्यापर्यंत भरेल. निदान तिच्या पाव लांबीची तार तरी हवी, आणि त्याच्याजवळ असेल जेमतेम दोन वाव, म्हणजे बारा फूट. किनाऱ्यावरच्या दूरच्या रेडिओ-केंद्राला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. खाऱ्या पाण्याच्या पाठीवरून सरपटत ती लहर माझ्यापर्यंत आली, एवढंच. "कुणी ऐकतंय का?" असं तो विचारत राहिला आणि मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून घरात मोठमोठ्याने ओरडत राहिले, "ऐकतेय रे, ऐकतेय!" वेड्यासारखी.

मग भानावर आले आणि चौकट फिरवली. चौकटीची कड त्याच्याकडे असली की आवाज मोठा येतो, पण कड थोडी इकडेतिकडे झाली तरी फारसा फरक कळत नाही. सपाट अंग त्याच्याकडे केलं, की लहर दोन्ही बाजूंच्या तारांना सारखाच धक्का देते, ते धक्के एकमेकांना मारतात आणि आवाज नाहीसा होतो. ही नाहीशी होण्याची जागा सुईसारखी नेमकी असते. दिशा तिच्यावरूनच काढायची. नकाशावर मी रेघ ओढली. पण रेघेला दोन टोकं असतात, पोरी. आपली वस्ती समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या अरुंद दांड्यावर. रेघेचं एक टोक गेलं खुल्या समुद्रात, दुसरं उपसागरात.

दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेघ मिळाल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं. चौकट, रेडिओ, बॅटरी असं सगळं बर्फगाडीवर बांधलं आणि दांड्याच्या शेवटी ओबेद टिबोच्या धक्क्यावर गेले. आपल्याकडे बर्फातून जाईल अशी मजबूत होडी त्याचीच. तीनला पाच मिनिटं होती. हकीकत ऐकताच ओबेदने इंजिन सुरू केलं. त्याला बाहेर, खुल्या समुद्रात जायचं होतं. पक्षी तिकडेच असतात म्हणे. मी म्हटलं, "तीन वाजेपर्यंत थांब." तो खेकसला, "बाई, तुझ्या त्या खोक्याची पूजा संपेपर्यंत माणूस गोठून जाईल." मी दोर सोडू दिला नाही. वर सूर्य उतरत चालला होता. अंधारलं की लहरी आकाशावरून परतायला लागतात आणि चौकट खोटं बोलायला लागते. लिअँडरच्या बॅटरीत किती दम उरलाय, तेही माहीत नव्हतं. तुला सांगते, ती पाच मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

तीनला तो आला. आवाज पार खोल गेलेला. जागा सांगितली नाही, मदतही मागितली नाही. कुणी ऐकत नाही असंच त्याने धरलं होतं. माझ्या कानात तो म्हणाला, "थेल्मा, मी तुझ्या आईला दवाखान्यात न्यायला दोन दिवस का लावले, ते तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा..."

आणि मी चौकट फिरवली.

फिरवावीच लागली गं. त्याला शोधायचं तर त्याचा आवाज घालवावा लागणार होता. डावीकडे थोडा आवाज, उजवीकडे थोडा आवाज, मधे काहीच नाही. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. त्या मधल्या शांततेत माझा भाऊ तुझ्याशी बोलत होता. मी रेघ ओढली आणि घाईघाईने चौकट परत वळवली, तेव्हा नुसती खरखर उरली होती. दोन्ही रेघा उपसागरात, बुडलेल्या खडकांपाशी भेटल्या. ओबेदने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि होडी उपसागराकडे वळवली. सव्वाचारला त्याला लिअँडर सापडला. होडीच्या तळाशी शीड पांघरून पडलेला, मायक्रोफोन मुठीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लिअँडरने मला विचारलं, "काय काय ऐकलंस?" ओबेद तिथेच बसला होता. मी म्हटलं, "नुसती खरखर." लिअँडरने भिंतीकडे तोंड केलं. त्याला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. नऊ वर्षांपूर्वी आयव्हीच्या दफनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तू त्याला म्हणालीस, "तू आईला मारलंस." तो गप्प राहिला आणि आम्ही सगळ्यांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावून टाकला. मीसुद्धा. मला वाटलं होतं, तो चुकला, आणि ते त्याला माहीत आहे.

नऊ मार्चला सेंट जॉन्सच्या मोठ्या इस्पितळात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर "बघू" म्हणतात, आणि डॉक्टरांचं "बघू" मला आवडत नाही. त्या दोन दिवसांत काय झालं, ते मला माहीत नाही. आयव्हीनेच त्याला अडवलं असेल, बर्फाने अडवलं असेल, किंवा तो खरंच चुकला असेल. ऐकून तुला कदाचित आणखी राग येईल, याचीही मला भीती वाटते. पण ते तुला सांगायचं म्हणून त्याने शेवटची बॅटरी घालवली, आणि ते न ऐकण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. पत्राने विचारू नकोस, तो उत्तर देणार नाही. टोरांटोहून ये. आठ तारखेच्या आत ये. तिसरा मजला, खोली अकरा. भेटायची वेळ दोन ते चार. मी लिहिलं म्हणून सांगितलंस तरी चालेल, माझ्यावर चिडला तर चिडू दे. त्याच्या डाव्या बाजूला बस, उजव्या कानाने त्याला आता नीट ऐकू येत नाही.

तुझीच,
ऊना आत्या