विंझरचं भाजलेलं रीळ

भोर, मंगळवार, संध्याकाळ

जीव थाऱ्यावर नाही. आंबवड्यातल्या एका लग्नाच्या घरगुती फिल्मच्या दोन जुन्या प्रती, दोन रिळं, आमच्या फिल्म-संग्रहासाठी पडताळत होतो. कामथडीच्या नानांचं लख्ख. त्यांच्या बहिणीचं, विंझरच्या अक्कांचं, पार ओरखडलेलं. एका जागी तर भाजून भोकच पडलंय. तेवढा तुकडा कापून जोड द्यायला कात्री घेतली. त्याआधी नानांच्या रिळात ती जागा पाहिली. फ्रॉकमधली एक पोर पळता पळता मागे वळून हसते. बस्स.

अक्कांना फोन करून त्या पोरीबद्दल विचारलं.

"माजी लेक सुमी ती. त्याच साली गेली. ती पडद्यावर आली की मशीन थांबवायची मी. लई येळ थांबवलं, दिव्यानं जळलं. तुमच्या चांगल्या रिळात तोंड दिसतं का वो तिचं?"

उद्या रीळ न्यायला या, एवढंच म्हणालो. भावाबहिणीचं बोलणं बंद आहे. "विंझरवालीला दाखवलंत तर रीळ माघारी नेईन," नाना म्हणाले होते, आणि मी हावरटासारखा हो म्हणालो. इतकी स्वच्छ प्रत पुन्हा कुठली मिळायला?

उद्या अक्का रीळ न्यायला येणार. नानांना कळणारच. ती भाजलेली जागा मात्र मी कापली नाही.

प्रोजेक्टरवर नानांचं रीळ चढवून ठेवलंय.