जेवढ्या चिलमी, तेवढ्या टिकल्या

३ नोव्हेंबर, सोमवार
नागपूरची नीलिमा मॅडम आली. गांज्यानं डोस्क्याले काय होते अन् ते कोण्या इलाजानं बरं होते, याचा रिसर्च करून राह्यली. सात वर्षांपासून. मले इचारलं असतं तर चौथी पास बाईनं चुलीपाशी बसूनच सांगतलं असतं. गांज्यानं माणूस येडा होते, बायकोनं मनावर घेतलं की बरा होते. झाला रिसर्च.

माहा बुढा, पल्लवीचा बाप, वीस वर्षांपासून चिलीम ओढते. औंदा म्हणते, शेजारचा शेषराव छतावरच्या डिशातून माहे विचार ऐकते. शेषरावले सोताच्या बायकोचं ऐकू येत नाई.

पल्लवीनं वाशीमवरून साफ सांगतलं, घर सुधरल्याबिगर बाळाले आणत नाई. नातू चार महिन्याचा झाला, मी फक्त मोबाइलात पाह्यला. म्हणून बुढ्याचं नाव देल्लं रिसर्चात.

मॅडमनं तक्ता देल्ला. जेवढ्या चिलमी तेवढ्या टिकल्या चिकटवायच्या. गोळी रोज. दर सोमवारी समाजमंदिरात हजेरी. घरात आणखी कोणाले व्यसन हाये का, असं बी इचारलं. नाई म्हणलं. तोंडात तंबाखूची मिसरी होती, थुकून सांगा लागलं.

७ नोव्हेंबर
टिकल्या पाच. बुढा गोळी घेत नाई, म्हणते तिच्यात शेषरावचा हात हाये. गोळीबिळी ठीक, खरा इलाज मीच करीन. पंधरा दिवसात सरळ.
बुढा म्हणे, तू मिसरी सोड, मी चिलीम सोडतो. मिसरी म्हणजे दात घासणं. तरी दाखवून देईन. सोमवारपासून बंद.

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळी बंद केली. दुपारी दाढ दुखली म्हणून जराशी लावली, दवाई म्हणून.
मॅडम बुढ्यासंगं तासभर नुसती बोलली. बोलून इलाज होते तर वीस वर्षं मी काय मुकी होती?

१३ नोव्हेंबर, दुपारी १२
आज मुळावरच घाव. बुढा तुरीत गेल्ता. कोठीमांगं गांज्याची पिशवी सापडली. सारी चुलीत टाकली. नीट पेटत नव्हती, फुंकणीनं फुंकली. गावाले वास जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून घेतली.

दुपारी २
मले काई झालं नाई.
पाल हासून राह्यली.

दुपारी ३
भाकरी सात. ठेच्यासंगं. मंग गूळ.
शेषरावचा डिश माह्याइकडं वळला. त्याले तोंडावर सांगतलं, माह्या मनात काई नाई, दुसरीकडं पाह्य.

१४ नोव्हेंबर
धुराचा मले काडीचा असर झाला नाई. शेषराव सांगत आला, वहिनी, काल तुमी आमच्या डिशाले अर्धा तास शिव्या देल्ल्या. खोटारडा.
बुढा हासला नाई. डिशाकडं लय वेळ पाह्यत बसला, मंग माह्याइकडं. सोताहून गोळी मागितली.
माहा इलाज लागू पडून राह्यला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बुढ्यानं मॅडमले सारं सांगतलं, धूर बी, मिसरी बी. तिनं गुपचूप लिहून घेतलं. मंग बुढ्याजवळ आणखी एक तक्ता देल्ला, वरतं माहं नाव. मानाचा असन. रिसर्चात एवढी मदत कोण करते?

२८ नोव्हेंबर
टिकली एकच. मिसरी या सोमवारी बंद करणार होती, पण समाजमंदिरात जाचं टेन्शन होतं. येत्या सोमवारपासून पक्की.

८ डिसेंबर, सोमवार
नऊ दिवस झाले, एक बी टिकली नाई. डिशाचं नाव बी काढत नाई. मॅडम म्हणे गोळीचा गुण. म्हणू दे, शिकेल बाई हाये, तिले बी कायतरी वाटलं पाह्यजे. पल्लवी रविवारी बाळाले घेऊन येते.
मिसरीचं काय, ते पाहुणे गेल्यावर पाहू. ताजी भाजून ठेवली.

१४ डिसेंबर, रविवार
नातू आला. बुढ्याच्या मांडीवर गप बसला, मिशी ओढली. मी पापा घ्याले वाकली तर तोंड फिरवून असा रडला का गल्ली जमा झाली. पल्लवीनं त्याले मांगं ओढलं. म्हणे, आई, तोंड धुऊन ये, वास येते.
धुतलं. तीनदा. तरी रडला.
बुढ्यानं माह्या नावाचा तक्ता काढला अन् टिकल्या चिकटवत बसला. सकाळपासूनच्या मिसरीच्या चार.
बरोबर मोजल्या.