घरचा घोडा

दादा,

लग्नाच्या आठवड्यात भांडण नको, म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही.

गुडगावच्या तबेल्यावर तू एकदाही आला नाहीस. मयूर विहारहून लांब पडतं म्हणालास. शो जम्पिंगमध्ये मी देशात पहिली आले, तेव्हा व्हॉट्सअॅपवर नुसता अंगठा पाठवलास. आता तुझ्या दिल्लीच्या सासरच्यांना नवरदेव घोडीवर हवाय, तर म्हणतोस, "अश्लेषा, यार, घरचा घोडा असताना भाड्याचा कशाला? पांढरा नाहीये, पण चलेगा."

पारा माझ्या छातीएवढे अडथळे सहज ओलांडतो, पण ढोल वाजला की बिथरतो. हे तुला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

रविवारी स्पर्धेत शेवटच्या अडथळ्यावर आम्ही दोघंही पडलो. आईकडून कळल्यावर तू लगेच फोन केलास, म्हणून मला बरं वाटलं. मी हॅलो म्हणायच्या आत तू विचारलंस, "पारा ठीक आहे ना? शनिवारी बारातीत उभा राहील ना?"

पारा ठणठणीत आहे. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हातानं लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

तुझी एकुलती एक बहीण,
अश्लेषा