छायाचित्र : प्रतिनिधी

६ मे
रतनला कामावरून काढलं. दुजोरा खुद्द संपादक विक्रमसाहेबांचा. बावीस वर्षं आमच्या पेपरात फोटो काढत होता. ‘यापुढे बातमीदारच फोटो काढतील. अहो, कॅमेरा आता सगळं स्वतःच करतो!’ संपादनही करत असेल मग. विचारलं नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत.

मोबाइल चालणार नाही, डीएसएलआरच हवा. पेपरवाले आल्यासारखं दिसलं पाहिजे म्हणे.

८ मे
घेतला. दुकानदाराला विचारलं, ‘नवशिक्याला कुठला चांगला?’
‘शिकणार असाल तर कुठलाही.’
शुद्ध पुणेरी सेवा!

निवडून दिला रतननं. हो, रतननंच! तासभर लेन्सा उजेडात धरून तपासत होता. ‘बॉडी जुनी चालेल सर, लेन्स चांगली घ्या.’

९ मे
चाळीस फोटो. एकोणचाळीस धूसर. चाळिसावा लेन्सच्या झाकणाचा — आतून.

१० मे
रतन फोनवर : ‘सर, बटण अर्धं दाबा. थांबा. फोकस झाला की मग पूर्ण.’
एकतीस वर्षं डेडलाइनवर काढली. अर्ध्यावर थांबायची सवय कुठून असणार?

१३ मे
वाघोलीत पाण्यासाठी हंडा मोर्चा. सगळ्यांत पुढे मुक्ताबाई, डोक्यावर रिकामा हंडा. मला म्हणाल्या, ‘आवं, फोटू नीट येऊ द्या. मागल्या साली फोटू छापला तवा टँकर आला. तुमच्या बातमीनं न्हाई!’
बरं.

माझ्या फोटोंत नीट आला तो फक्त मागचा विजेचा खांब. रतन तिथंच राहतो, बघायला आला होता. मोबाइलवर त्यानं एकच काढला आणि मला पाठवला. ‘छापा सर. पाणी यायला पाहिजे.’
डेस्कला पाठवला. कोणाचा, ते लिहिलं नाही.

१४ मे
पहिलं पान, चार कॉलम! खाली ओळ — छायाचित्र : प्रतिनिधी. म्हणजे मी.
दुपारी वाघोलीत दोन टँकर पोचले. साहेब भर मीटिंगमध्ये : ‘बघा! रतनवाचून काही अडलं?’
सगळे हसले. मीही.

१५ मे
आज पान चार लावायचं काम माझ्याकडे होतं. चौकट लावली : ‘खुलासा — १४ मेच्या अंकातील हंडा मोर्चाचे छायाचित्र रतन गाडेकर यांनी टिपले आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’
पान छपाईला गेलं. साहेब उद्या सातला पेपर उघडतील. आधी पान चारच — राशिभविष्य तिथं असतं.