डब्यातली पाचगणी

६ जानेवारी १९४६, सातारा
शिकवणीचे चार रु. आले. तीन डब्यात टाकले, एकोणीस झाले. बिस्किटांचा जुना डबा, ट्रंकेत साड्यांखाली. वहिनीला ठाऊक आहे, आबांना नाही.
मा.चं पत्र, वहिनीच्या नावाने. (पूर्ण नाव लिहायला अजून हात धजत नाही. लग्न वैशाखात, तोवर मा.च.) सांगलीत हळदीच्या पेढीवर लिहिणं करतात, पाकिटाच्या कडा पिवळ्या होऊन येतात. त्यांचे बावीस झालेत. दोघांचे मिळून साठ झाले की पाच दिवस पाचगणी, दोघंच. लढाईत एका साहेबाची गाडी चालवायचे. साहेब नि मडम तिथे हातात हात घालून फिरताना पाहिले, तेव्हाच ठरवलं म्हणे. बायको कोण ते ठरायच्या आधीच!

२२ जानेवारी
लग्नासाठी जादा साखरेचं परमिट हवं. आबांची कचेरीत तिसरी खेप, रिकामी. घरी आल्यावर बँडचा विषय. म्हटलं, बँड नको, सनई पुरे. आबा: "हवालदाराच्या पोरीचं लगीन, आन बिनबँडचं?"
मी मनात बँडचे पैसे डब्यात घालून मोकळी झाले होते. मग लाज वाटली. त्यांची हौस, त्यांचे पैसे.

३ फेब्रुवारी
कराडची आत्या आली. शालू दाखवताना डबा ट्रंकेतून निसटला, नाणी घरभर. "कशाला गं साठवतेस?" तोंडून निघून गेलं, पाचगणीला जायचंय.
आत्याने तोंडाला पदर लावला. "अगं बाई! छातीचं दुखणं हाय व्हय? आन लपवून ठिवलंसा?"
पाचगणी म्हणजे क्षयाचे रोगी हवापालटाला जातात ते गाव, तिला एवढंच माहीत. नाही नाही म्हणत राहिले, पण खरं कारण सांगायला जीभ रेटेना. वहिनी स्वयंपाकघरात हसून हसून बेजार.

१५ फेब्रुवारी
हसू संपलं. आष्ट्याहून मा.च्या चुलत्यांचं पत्र. मुलीला क्षय असल्याचं कराडकडून कानावर आलं. मिरजेला छातीचा फोटो काढून डॉक्टरचा दाखला पाठवावा, तोवर लग्न थांबवू.
आबा पत्र घेऊन माझ्यापुढे उभे. "तुला काय हुतंय का गं? मला का न्हाई सांगितलंस?" आई गेली त्यानंतर असा आवाज ऐकला नव्हता. राहवलं नाही. डबा आणून पुढे ठेवला, सगळं सांगितलं. जमिनीकडे बघत.
"दोघंच जानार? आन तितं करनार काय?"
"फिरणार. बोलणार."
डब्याचं झाकण बसवलं. मग म्हणाले, "तुझ्या आईसंगं मी पयल्यांदा निवांत बोललो, तवा तू चार वर्सांची हुतीस. रजेवर आलो हुतो." उठून बाहेर गेले. रागावले की काय, कळलं नाही.

२४ फेब्रुवारी
रविवार. दारात अचानक सासूबाई! एकट्या, आष्ट्याहून. चहा घेतला नि म्हणाल्या, "यवतेश्वराला जायाचं हाय. पोरी, येतीस न्हवं?" वहिनीकडे बघितलं. तिलाही कळलं, ही परीक्षा.
डोंगर चढताना त्या मुद्दाम मागे. माझा श्वास ऐकत होत्या. मी झपाझप. अर्ध्यावर वळून पाहिलं तर त्या स्वतःच एका दगडावर बसलेल्या, छातीला हात. धावत खाली गेले, पदराने वारा घातला. दम आला तशा हसायला लागल्या. "माझाच दम गेला की! आन तुला क्षय म्हनत्यात."
मग हळूच, "खरं सांग. पाचगनीचं काय हाय?"
सांगितलं. यांनाही. वाटलं, आता संपलं.
त्या खाली साताऱ्याकडे बघत राहिल्या. "आमच्या मालकांनी मला येकदाच भायेर नेलं. मिरजंला, डोळं दाखवाया. येताना टेसनावर दोघांनी बाकड्यावर बसून च्या घेतला. गाडीला लय उशीर हुता." पदर सारखा केला. "अजून उशीर व्हावा वाटत हुतं."
वर जाईपर्यंत माझा हात धरून होत्या. कोण कुणाला आधार देत होतं, कुणास ठाऊक.

५ मार्च
मा.चं पत्र. सासूबाईंनी घरी सांगितलं, "पोर हरणावानी चढती." चुलते ऐकत नाहीत. दाखला नसेल तर भावकीतला एक माणूस मांडवात येणार नाही, म्हणतात. मा.ना वडील नाहीत, यांनीच वाढवलं. पेढीवर चिकटवलं तेही यांनीच.
लिहितात, "मिरजेचा खर्च विचारून आलो. आपल्या दोघांचं सगळं साठवलेलं जाईल. मला दाखला नको. पण काका नसतील तर माझ्या मागे उभं कोण राहणार, हेही डोक्यातून जात नाही. तू सांगशील तसं."
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा 'आपल्या दोघांचं' एवढंच.

९ मार्च
उत्तर लिहिलं, फाडलं, लिहिलं. शेवटी असं: फोटो काढणार नाही. आजारी असते तर आपण होऊन सांगितलं असतं. पण काकांकडे मी स्वतः येते, आबांना घेऊन. पाचगणीला का जायचंय ते त्यांच्या तोंडावर सांगते. दोन वडीलधाऱ्यांना सांगून झालंय, तिसऱ्यांना सांगणं काय अवघड. (अवघड आहे.)
आबांना विचारलं, आष्ट्याला याल का? म्हणाले, "बगू."

१० मार्च
सकाळी अंगणात आबांचं लष्करातलं कांबळं उन्हात घातलेलं. डांबराच्या गोळ्यांचा वास ओटीपर्यंत. आता थंडी कुठली, म्हणून विचारलं.
काठीने झटकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तितं डोंगरावर वैशाखात बी रातचं गार असतंय." मग, "आष्ट्याची मोटार सकाळी किती वाजता सुटतीया, इचारून ये."