मबरूकाची लेक

बलद, जेद्दा
१२ ऑक्टोबर १९९०

ती. इसहाकभाई यांस,
सफूराचा सलाम. वि. वि.

मी आणि उमैर दोघं खुशाल आहोत. कुवेत इथून लांब आहे, भाभींनी घोर लावून घेऊ नये. उमैरच्या हॉटेलात आता हाजींऐवजी कुवेतहून पळून आलेली कुटुंबं उतरलीत.

तुम्ही तुमच्या ‘किनारा’ मासिकासाठी लढाईवर लेख मागितलात. लढाई मला खिडकीतून दिसत नाही. दिसते ती खालच्या मजल्यावरची मबरूकाखाला. माझं अरबी मोडकं, तिचं हिंदी हाजींकडून उचललेलं, पण आमचं जमतं. ती काळी आहे. तिच्यासारख्यांना बाजारात ज्या शब्दाने हाक मारतात त्याचा अर्थ गुलाम, आणि ती खरोखरच गुलाम होती. लहानपणी समुद्रापलीकडून तिला गलबतात घालून आणलं आणि इथल्या एका व्यापाऱ्याला विकलं. त्याच्या मुलाला, हाशिमला, तिने अंगावर पाजलं. तिची स्वतःची मुलगी मस्तूरा आठ वर्षांची असताना मालकाच्या लेकीबरोबर ताइफला पाठवली, आंदणातली भांडी पाठवावीत तशी. बासष्ट साली सरकारने गुलामगिरी उठवली तेव्हा मालकीणबाईंनी तिला बोलावून सांगितलं की खलास, आजपासून तू मोकळी. तिने पहिलं काय केलं तर मुलगी मागितली. मालकीणबाई म्हणाल्या, ती देवीच्या साथीत गेली.

पुढे तिने एका येमेनी भिश्त्याशी निकाह केला. त्या दोघांचा मुलगा फरज तिला सांभाळतो. येमेनचं सरकार इराककडे झुकलं म्हणून आता नवा हुकूम निघालाय, येमेनी माणसाला कफील, म्हणजे त्याची हमी घेणारा इथला माणूस हवा, नाहीतर देश सोडायचा. फरज जन्मला जेद्दात, पण बापामुळे येमेनीच.

हे छापाल का? तुमच्या उत्तराकडे डोळे लावून आहे.
तुमची, सफूरा

मुरूड
२ नोव्हेंबर १९९०

चि. सौ. सफूरा हिस अनेक दुवा.

पत्र मिळालं, सगळं छापलं. वाचकांना तोफा हव्या होत्या, त्यामुळे चार जणांनी तोंड वाकडं केलं. पाचवा आला तो बाजारातला शौकत सिद्दी शिंपी. अंक हातात घेऊन शाळेत, थेट माझ्या खोलीत. बसायला सांगितलं तर बसला नाही. म्हणाला, लेख चांगला आहे, पण त्यासाठी जेद्दाला कशाला जायचं? आमचे पूर्वजही आफ्रिकेतूनच आले. किल्ला आणि नवाब सगळ्यांना ठाऊक, पण आम्ही नवाब नव्हतो, आम्ही त्यांची ओझी वाहिली. ते विचारायला कोणी आमच्या दारात आलं नाही. शेवटी म्हणाला की त्याच्या मुलीला शाळेत पोरं काळी हबशीण म्हणतात, आणि हेडमास्तर तुम्ही आहात.

तू तिथे वेडं धाडस करू नकोस. तब्येत जप.
तुझा भाई, इसहाक

जेद्दा
२८ नोव्हेंबर १९९०

ती. इसहाकभाई यांस सलाम. वि. वि.

मबरूकाखाला फरजबरोबर येमेनला गेली.

जाण्याआधी ती हाशिमकडे गेली होती, मला सोबत घेऊन. तो आता मोठा व्यापारी आहे. त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तिला यूम्मा म्हणजे आई म्हणाला, खजूर पुढे केले. तिने फरजचा कफील हो म्हणून विनवलं. तो म्हणाला की तू माझ्या घरी मरेपर्यंत राहा, पण येमेन्याची जबाबदारी या दिवसांत मी घेणार नाही. मी मध्येच मस्तूराची कबर कुठे आहे ते विचारलं. भाई, त्याचा चेहरा उतरला. लहानपणची गोष्ट, मला माहीत नाही, म्हणाला.

खालाने खजुराला हात लावला नाही. जिन्यावर म्हणाली, एक मूल यांच्या घरात गेलं, दुसऱ्याला एकटं जाऊ देणार नाही. फरजने घरचं सामान मिळेल त्या भावाला विकलं. यल्ला, यल्ला करत ट्रकवाला ओरडत होता. गाद्यांच्या ढिगावर, माणसांच्या गर्दीत ती पाठमोरी बसली. मी हाक मारली, ती तिला ऐकू गेली नसावी.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची, सफूरा

मुरूड
२० जानेवारी १९९१

चि. सौ. सफूरा हिस दुवा.

लढाई पेटल्याचं रेडिओवर ऐकलं. भाभी रडते आहे. दोन ओळी तरी लगेच लिही.

इथलंही सांगतो. शौकतच्या मुलीला चिडवणाऱ्यांत आपला शारीकच पुढे निघाला. मी त्याला छडीने मारलं. तो म्हणाला, अब्बा, घरात तुम्हीच तर म्हणता. खोटं नव्हतं ते. छडी ठेवून दिली. आता संध्याकाळी मी शौकतच्या दुकानात जाऊन बसतो. त्याने अजून मला काही सांगितलेलं नाही. त्याचं मशीन चालू असतं, मी बसून राहतो.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
इसहाक

जेद्दा
१४ फेब्रुवारी १९९१

ती. इसहाकभाई यांस सलाम.

आम्ही सुखरूप आहोत. क्षेपणास्त्रं रियाध आणि दहरानकडे पडतात, इथे नाही. भाभींना रडू नका म्हणावं.

गेल्या आठवड्यात हाशिम स्वतः आमच्या दारी आला. यूम्माचा काही निरोप आहे का, विचारत होता. मी नाही म्हटलं. तो जिन्यातच बसला आणि बोलला. मस्तूरा जिवंत आहे. ताइफला आहे, बहिणीच्या जुन्या घराच्या मागे. मुलगी हयात आहे हे कळलं तर मबरूका घर सोडून जाईल, म्हणून त्याच्या आईने साथीची गोष्ट रचली होती. त्याला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, त्या दिवशी का नाही बोललात? त्याने कागदावर ताइफचा पत्ता लिहून माझ्या हातात ठेवला.

शुक्रवारी उमैर मला ताइफला घेऊन गेला. मस्तूरा पंचेचाळिशीची, थेट आईचं नाक. तिने आम्हांला उंबऱ्यातच उभं ठेवलं. म्हणाली, मोटारीने दोन-तीन तासांची वाट, अठ्ठावीस वर्षं ती मोकळी होती, एकदाही आली नाही. मी सांगितलं, तुम्ही मेलात असं तिला सांगितलं होतं. तिने दार लावून घेतलं.

आम्ही गाडी सुरू करणार एवढ्यात ती ओढणी सावरत मागून आली. आई कुठे आहे, विचारू लागली. मी म्हटलं, येमेनला गेली, कोणालाच धड पत्ता नाही. परतलेले लोक तिथल्या हुदैदा शहराबाहेर उघड्यावर तंबूंत आहेत, असं ऐकलं आहे.

गाडीची काच धरून ती उभी राहिली. मग विचारलं, तिथे थंडी पडते का?

मला माहीत नव्हतं, भाई.

तुमची,
सफूरा